ओटा गेला, चौक झाला

आई, काल संध्याकाळी चौकात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि हातात मावेना असा पुष्पगुच्छ. शाळेतून निवृत्त होऊन एवढे दिवस झाल्यावर लोकांना माझी आठवण यावी, याचं मलाच नवल वाटलं. बोलवणारे म्हणाले, बाई, तुम्ही मूळच्या इथल्याच, चौक होण्याआधी इथे गल्ली होती ती कशी होती ते सांगा. मी तुझ्याबद्दल सांगितलं. चांगलं सांगितलं असावं, कारण टाळ्या बऱ्याच पडल्या. तेव्हापासून तुझ्या फोटोकडे बघायची लाज वाटते आहे.

सांगितलं त्यातलं काही खोटं नव्हतं. उन्हाळ्यात व्याख्यानांसाठी गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे लावायचे आणि मधे सतरंज्या, टेबल, माइक. माइकची वायर आपल्या खोलीतल्या होल्डरमधून जायची, वक्त्याच्या पुढ्यातला तांब्याही आपलाच असायचा. तू सूप घेऊन ओट्यावर बसायचीस. मामा चांदवडहून वर्षाचे गहू धाडायचा, ते तू व्याख्यानं ऐकत ऐकतच निवडायचीस. चौथीत शाळा सुटलेली बाई सभेला जाऊन बसली असं कुणी म्हणायला नको, आणि ऐकायला तर सगळं हवं. ओट्यावर बसलं की दोन्ही साधायचं. एकदा एक गृहस्थ बायकांच्या कष्टांवर तासभर बोलले. लोक माना डोलावताहेत आणि तू सुपातला खडा बाहेर टाकत मला म्हणतेस, "लय ग्वाड बोलला गं. पर त्याच्या घरी पाणी कोण भरतं, ते नाय सांगितलं." आभार मानून होईपर्यंत तू जागची हलायची नाहीस. हे सगळं मी काल सांगितलं, आणि लोक पोटभर हसले.

सांगितलं नाही ते दुसरंच. आपली एकच खोली होती आणि संडास मागच्या बोळात, सगळ्या गल्लीचा मिळून एक. सकाळी हातात डबा घेऊन पानाच्या टपरीवरून जायचं, तिथे उभी असलेली पोरं मुद्दाम खाकरणार, आणि दुपारी त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी पुढच्या बाकावर कॉलेजात बसायचं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला ती गल्ली नकोशी झाली होती, तुझ्या ओट्यासकट. तेव्हा नगरपालिकेचा माणूस दारात आला, गल्ली पाडून तिथे चौक करायचं घेऊन. अण्णा जाऊन वर्ष झालेलं, भाडेपावती तुझ्या नावावर. बाकीच्यांनी हो म्हटलं होतं. आपली खोली कोपऱ्यावरची. तुम्ही हरकत घेतलीत तर नकाशा थोडा वळवावा लागेल, घर वाचेलही, असं त्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं. "बदल्यात इंदिरानगरकडे दोन खोल्या मिळतील, मावशी. नळ आत, संडास आत."

"आन् व्याख्यानं?" तू विचारलंस.

"अहो, त्यासाठीच तर चाललंय सगळं! फरशी, पक्कं व्यासपीठ, दिवे. सगळं गाव बसेल इथं."

तू माझ्याकडे वळलीस. "तुला काय वाटतं, तू सांग."

"पाडू दे की," मी म्हणाले. विचारही केला नाही, कारण विचार किती दिवस आधीच झाला होता. तू दाराच्या चौकटीला हात लावून जरा वेळ उभी राहिलीस आणि मग त्याला म्हणालीस, "मंग आमचं बी काय म्हणणं नाय."

चौकाच्या पहिल्या कार्यक्रमाला मी तुला बसने घेऊन आले. नवी फरशी, रंगीत दिवे, मी तर हरखून गेले होते. तू मात्र समोरच्या दुकानावरून अंदाज घेत घेत चालतेस, थांबतेस, आणि व्यासपीठाच्या पायरीवर जाऊन निवांत बसतेस. छातीला बिल्ला लावलेला एक जण धावत येतो. "आजी, इथं नाही बसायचं. बायकांच्या खुर्च्या तिकडं आहेत."

"अरे, मी इथंच बसते की रोज."

तो हसला. आपला ओटा तिथेच होता, हे त्याला कुठून कळणार? मी तुला हाताला धरून खुर्चीपाशी आणलं. सगळ्या बायका मांडीवर पर्स ठेवून बसलेल्या. तुला तुझ्या हातांचं काय करावं ते कळेना. वक्ता चांगला होता. तरी अर्ध्यातच तू माझ्या कानाशी लागलीस, "कधी संपतंय गं हे?" त्यानंतर कितीदा विचारलं, तू आली नाहीस. गुडघ्यांचं कारण सांगायचीस. मी फार आग्रह केला नाही. घरी नळाला पाणी होतं, दाराला आतून कडी होती, आणि मी सुखात होते. तूही सुखात आहेस असं मी धरून चालले. दोन उन्हाळे गेले आणि तू गेलीस.

काल भाषण संपल्यावर एक तरुण बाई डोळे पुसत जवळ आली. म्हणाली, "तुमच्या आईचं घर पाडायलाच नको होतं." मी मान हलवली. नुसती हलवली नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. लिहून झालं की फाडून टाकेन. पण तुझ्यापाशी तरी खरं बोलते. तुझ्यासाठी जीव तुटतो, हे खरं आहे. पण पश्चात्ताप होत नाही, आणि लाज वाटते ती याचीच. तो माणूस आज पुन्हा दारात आला आणि तू माझ्याकडे वळून पाहिलंस, तर मी पुन्हा तेच म्हणेन. तू माझंच ऐकणार, हे माहीत असूनही म्हणेन.