लाल पट्टा, पांढरं कडं

सोमवार, ३

आले एकदाची! क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, एक डुगडुगतं टेबल आणि खिडकीतून आत डोकावणारं जंगल. झाडं इतकी जुनी की त्यांना अहो-जाहो करावंसं वाटतं. आई घर लावून द्यायला आली आहे, रविवारी परत जाणार. आल्या आल्या तिने माझी सगळी भांडी नापसंत केली.

माझं काम झाडांवर खुणा करायचं. मुकादमकाकांनी समजावलं: लाल पट्टा म्हणजे तोडायचं, लाकूड गिरणीत जाणार. पांढरं कडं म्हणजे कायमचं राखायचं, कारण ढोलीत पाखरं राहतात. वर एक ताकीद. लाल एकदा लावला की पुसायचा नाही. चुकलं तर त्यांना सांगायचं, बदली झाड ते स्वतः निवडतात. जंगलाला दिलेला शब्द फिरवायचा नसतो म्हणे. मी मान डोलावली, पण हसू काही आवरेना.

बुधवार, ५

आज घोळ घातला. एका धिप्पाड झाडावर झोकात लाल पट्टा ओढला आणि वर पाहते तर ढोलीतून घुबडाची दोन पिल्लं टकामका बघताहेत! तिसऱ्याच दिवशी चूक कबूल करायची म्हणजे नाक कापलं जाणार. सुरीने लाल साल तासून काढली, वर पांढरं कडं घातलं. कुणाला पत्ता नाही. फक्त आईला सांगितलं. ती म्हणाली, लहानपणी फोडलेल्या बरण्याही तू अशाच कपाटामागे लपवायचीस.

गुरुवार, ६

सकाळी आईच्या मानेवर लाल पट्टा. चार बोटं रुंद, सरळ. माझाच रंग लागला असेल म्हणून रॉकेलने घासला. कातडी सोलवटली, पट्टा तसाच. आई म्हणते पित्त उठलं असेल. पित्ताला ओल्या सालीचा वास येतो का?

शुक्रवार, ७

मुकादमकाकांपुढे सगळं ओकून टाकलं. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. घरात आणखी कोण आहे, एवढंच विचारलं. आई म्हटल्यावर म्हणाले, मला सांगितलं नाहीस, म्हणून बदली जंगलानेच निवडली. झाड पुन्हा लाल करते म्हटलं, तर पांढऱ्याला आता कुणीच हात लावणार नाही म्हणाले.

आईला घेऊन तडक निघाले. तीन वेळा फाटकाकडे गेलो, तिन्ही वेळा आमच्याच दाराशी आलो.

शनिवार, ८

आज तोडीला सुट्टी. तरी करवतीचा आवाज. सकाळी नाल्यापलीकडे होता, आता अंगणाजवळ— आई कपड्यांच्या घड्या घालते आहे. ऐकू येत नाही म्हणते. खोटं बोलते. एकाच साडीची तिसऱ्यांदा घडी घालते आहे.

दुपार

चूक माझी. माझ्या मानेवर लाल पट्टा ओढला. आईची मान स्वच्छ! खरंच स्वच्छ! आता मी. चालेल. भीती वाटते, पण चालेल.

आईने पाहिलं. रडली नाही. पांढऱ्याचा डबा आणला— माझ्या डाव्या मनगटावर कडं— नको म्हणते आहे मी, तर कार्टे गप बस म्हणते— माझे पाय जमिनीवरून उचलले जात नाहीत, मुळं फुटल्यासारखे—

करवत थांबली.

दाराशी कुणीतरी— आई केस सारखे करते आहे. म्हणते तू लिहीत बस, मी बघते— तिच्या मानेवर पुन्हा लाल—

आई, दार उघडू नको, आई