तोंड उघडून

१२ जून

चि. ठकूस अ. उ. आ.

नाकातून पुन्हा पाणी येतंय. काल ऑफिसात वाकून प्रगतिपुस्तकांवर सह्या करत होते, थेंब नेमका ‘मुख्याध्यापिका’वर पडला. सर्दीचं नव्हे. तेच, स्वच्छ, खारट, मेंदूभोवतालचं. तुझ्या सरांनी मांडीतून काढून नाकाच्या छतावरच्या भोकाला लावलेलं ठिगळ सरकलं असणार.

कारण मला ठाऊक आहे. सभेत शिंक आली, मी ती दाबली. जन्मभर पोरांना हेच शिकवलं : तोंड मिटा, नाक धरा, शोभा करू नका.

त्या भोकातून जंतू मेंदूत चढतात, असं तूच म्हणाली होतीस. मला भीती वाटते. दादाला कळवू नकोस. तो रडेल आणि धीर मला द्यावा लागेल.

तुझी आत्या


१५ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

लगेच निघून ये. बाबांना सांगितलं. रडले.

मागचं ठिगळ कापून आणलेलं होतं. त्याला स्वतःचं रक्त नव्हतं, आणि रुजायच्या आत तू त्याला धक्का दिलास. या वेळी नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर सोडवायचं, पण पुरतं तोडायचं नाही. मागच्या टोकाला त्याची धमनी असते. ती राखून, पाकिटाची घडी वळवावी तसं ते भोकावर बसवायचं. जिवंत असतं, म्हणून धरतं.

सर मला कापू देणार नाहीत. आपल्या माणसावर हात थरथरतो म्हणाले. मी नाकात दुर्बीण धरणार.

नंतर एकच अट. शिंक आली की तोंड उघडायचं आणि येऊ द्यायची. चारचौघांत असलीस तरी.

लोभ आहेच, ही आज्ञा समजावी.

तुझी ठकू


२ सप्टेंबर

चि. ठकूस अ. उ. आ.

ऑपरेशननंतर घरी सोडताना तू मला ओणवं करून पाहिलंस, नाक कोरडं निघालं आणि तुझेच डोळे भरले. बापावर गेलीस.

पण माझा विश्वास आज बसला. सभेत शिस्तीवर बोलत होते आणि शिंक आली. हात सवयीनं नाकाकडे गेला. तो खाली ओढला. तोंड उघडलं. ठकू, माइक चालू होता.

मी कोरा कागद घेतला आणि त्यावर मान खाली घालून थांबले. भूगोलाच्या बाई मला घेरी आली समजून पाणी घेऊन धावल्या. कागद कोराच राहिला. मी तो उंच धरून सगळ्यांना दाखवला. कुणालाही काही कळलं नाही, तरी टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या थांबतात तोच पहिलीच्या रांगेतून एक शिंक आली, चांगली दणदणीत. सगळी शाळा माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी शाब्बासकी दिली.

लोभ असावा, आवाजासकट असावा.

तुझी आत्या