उशीवरची मान

नेव्हेना,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितो.

आईची वाचा गेली होती. मी विचारलं, "नेव्हेनाला बोलावू?" तिने उशीवर मान डावीकडून उजवीकडे हलवली, पुन्हा पुन्हा. तुमचं भांडण मला ठाऊक होतं. म्हटलं, "बरं, नाही बोलावत." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दफनानंतर रिवाजाप्रमाणे उकडलेले गहू वाटताना शेजारणीला विचारलं, "काकू, अजून वाढू?" तिने तशीच मान हलवली आणि ताटली पुढे केली. वीस वर्षं जर्मनीत राहून मी आपल्या बल्गेरियाचा होकार विसरलो होतो.

तेवढ्यात तू विचारलंस, "तिने माझी आठवण काढली का रे?"

मी "नाही" म्हणालो.

आता डोळे मिटले की आई उशीवर 'हो' म्हणत राहते, आणि मी रोज तिला तेच सांगतो, "बरं, नाही बोलावत."

तुझा भाऊ,
कालोयान