डिस्कवर जागा शिल्लक नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी लागली, खोली मिळेपर्यंत ताईकडे राहायचं ठरलं आणि आज सामान घेऊन आले. भाऊजी स्वतः स्टेशनवर घ्यायला आले होते. बॅग मला उचलू दिली नाही. बायकोबरोबर मेकॅनिकही फुकट मिळाली होती हे आपल्याला दोन वर्षांनी कळतंय, असं वाटेत म्हणाले. मला हसू आलं. माणूस मोकळा वाटतो. मागची खोली दिली आहे. खिडकी, टेबल, दोन प्लग पॉइंट. तक्रारीला जागा नाही.

हॉलमध्ये घरचा कॉम्प्युटर आहे. डिस्क भरून लाल पट्टी आलेली, नवीन काही सेव्ह होत नाही. बघशील का, असं भाऊजींनी विचारलं. ताई मधेच म्हणाली, आल्या आल्या तिला कामाला जुंपू नका, चाललंय ते बरं चाललंय. तिच्या मनगटाला क्रेप बँडेज आहे. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणे. तुझी ताई म्हणजे धांदरटपणाचा कळस, असं भाऊजींचं मत. बाथरूममध्ये रबरी मॅट आहे. पकड चांगली आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून लवकर आले आणि कॉम्प्युटर उघडला. कारण लगेच सापडलं. लग्नाचा एकच व्हिडिओ वेगवेगळ्या नावांनी फोल्डरमागून फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवलेला. एक प्रत ठेवली, बाकीच्या उडवल्या, रिसायकल बिन रिकामा केला. पाऊण डिस्क मोकळी झाली. भाऊजी खूश. आइस्क्रीम घेऊन आले, म्हणाले, मेहुणी असावी तर अशी. ताईने आइस्क्रीम खाल्लं नाही. ओट्यापाशी हळूच विचारलं, उडवलेलं परत आणता येतं का गं. मी म्हटलं, कशाला, एक प्रत आहे की. ती धुतलेलं पातेलं पुन्हा धूत राहिली.

७ फेब्रुवारी, शनिवार

जागा कमी झाली आहे. कोणी काही ठेवलेलं नाही. क्रमाने तपासलं: तात्पुरत्या फाईल, अपडेटचा कचरा, रिस्टोअर पॉइंट, व्हायरस. कशातच काही नाही. मग एकेका फोल्डरचा आकार काढला. एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आवाजाची फाईल निघाली. तारीख उद्याची. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे. इंटरनेटची केबल काढून ठेवली. या मशीनला मायक्रोफोन नाही. झाकण उघडून खात्री केली.

फाईल ऐकली. ताट सरकतं, खुर्ची सरकते, ताई म्हणते, दुसरी करून देते ना. मग लाकडावर काहीतरी जड आपटतं, तीनदा. शेवटी भाऊजी म्हणतात, पंखा लाव जरा.

चेष्टा असेल. पण कोणाची, आणि कशाने रेकॉर्ड केली, ते सापडत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

जेवताना भाऊजींनी भाजी चाखली आणि ताट सरकवलं. खुर्ची मागे लोटून उठले. ताई म्हणाली, दुसरी करून देते ना. त्यांनी तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. मी मधे पडले तर एका हाताने मला भिंतीवर लोटलं, रागाने नाही, वाटेतलं दार लोटावं तसं. ताईच्या दाताचा तुकडा माझ्या ताटात पडला. मग माझ्याकडे वळून नेहमीच्याच आवाजात म्हणाले, पंखा लाव जरा.

मी लावला. का लावला, सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. भाऊजी कामावर गेल्यावर ताई ओठाला बर्फ लावून बोलली. फाईल आधी येते, मग तसंच घडतं. डिस्कवर जागा नसली की फाईल मधेच तुटते आणि यांचा हातही मधेच थांबतो. कशाला उठलो होतो ते विसरल्यासारखे टीव्हीसमोर जाऊन बसतात. म्हणून ती डिस्क भरून ठेवायची. एकदा तिने कॉम्प्युटरची वायरच काढली. त्या दिवशी यांना अडवायला काहीच नव्हतं. दोन बरगड्या मोडल्या. त्यांना स्वतःला यातलं काही ठाऊक नाही.

मी म्हटलं, आत्ता माझ्याबरोबर नीघ. ती म्हणाली, दोनदा निघाले होते. पहिल्यांदा हे घेऊन आले. दुसऱ्यांदा आपल्या बाबांनीच आणून सोडलं.

म्हणजे ती पाऊण डिस्क मी त्यांच्या हातात दिली.

उद्याची फाईल वाढत होती. नुसती शून्यं लिहीत राहणारा छोटा प्रोग्राम केला. दुपारी डिस्क भरली. फाईल तुटली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी भाऊजींनी ताईवर हात उगारला. तो तसाच राहिला. मग म्हणाले, चहा झाला का.

संध्याकाळी नवी डिस्क घेऊन आले. जुनीच्या आठपट, केबलने बाहेरून लावायची. या मशीनला चालणार नाही, असं मी सांगितलं. मेहुणीबाई, एवढं आम्हालाही कळतं, म्हणाले. स्वतः लावली. लाल पट्टी गेली म्हणून माझी पाठ थोपटली.

माझी घराची किल्ली सापडत नाही.

११ फेब्रुवारी

बाहेरून कुलूप. दोघींचे फोन घेऊन गेले. बहिणी बहिणी फार कुजबुजता, म्हणाले.

नव्या डिस्कवर फाईल. उद्याची. एवढी मोठी आजवर आली नव्हती, ताई म्हणते. अजून वाढतेय. डिस्क उपटावी तर ताईच्या बरगड्या आठवतात. प्रोग्राम लावला, पण केबल संथ —

सुरुवात ऐकली. ताईची किंकाळी. मग तिचा आवाज नाही. नुसते फटके, ओल्या कापडावर मारल्यासारखे. पुढे ऐकवलं नाही. तिला सांगितलं, आवाज नीट येत नाही.

१२ फेब्रुवारी

डिस्क भरली. फाईल तुटली. वाचली ताई, असं वाटलं. खात्रीसाठी शेवटपर्यंत ऐकली.

फटक्यांमधे कोणीतरी बोलतंय. पुरुष. पुरे, पुरे गं, म्हणतोय.

भाऊजी.

फाईलमध्ये ताई मागून ऐकू येते. जिवंत. रडत सारखी बोलतेय. मारणारं माणूस एक शब्दही बोलत नाही. घरात आम्ही तिघंच, आणि फाईलमध्ये आवाज नाही तो माझा एकटीचा.

फाईल तुटलीय ती 'पुरे'वर. तिथे ते जिवंत आहेत. तिथेच थांबलं तर ते उठतील. उठले तर ताईला —

शून्यं उडवतेय. सगळी.

फाईल वाढायला लागली.

जिन्यात पावलं. शीळ घालत येताहेत. कुलूप —

मी काढून ठेवलेला खलातला बत्ता ओट्यावर नाही. ताईने घेतलाय. तिला म्हटलं, इकडे दे, फाईलमधली मारणारी बोलत नाही, आणि तू तर सारखी