रानबकऱ्याच्या कानातला चर

३ फेब्रुवारी १९९१

चि. दंतोपंतास अ. उ. आ.

तुझं पत्र आणि त्यातला माझ्या दाढेविषयीचा उपदेश, दोन्ही मिळालं. दाढ शांत आहे, मी नाही. कारण सांगते.

गेल्या सोमवारी संचालकांनी मला खोलीत बोलावलं आणि टेबलावरचं फडकं उचललं. खाली चांदीचा चषक. शिंगासारखा वळलेला, टोकाला गुडघे मुडपून बसलेला रानबकरा, आणि काठावर प्राचीन इराणच्या राजाचं नाव कीलाक्षरांत, म्हणजे त्या खिळे ठोकल्यासारख्या लिपीत. एक देणगीदार हा चषक संग्रहालयाला देतोय, आणि त्याच्याबरोबर वडिलांच्या नावाचं नवं दालनही बांधून देतोय. संचालक म्हणाले, पस्तीस वर्षं तुम्ही इराणच्या मातीत हात घातलेत, तेव्हा चषक अडीच हजार वर्षांपूर्वीचा असल्याचं एक पान लिहा आणि खाली सही करा.

मी दोन दिवस मागितले आणि पाच दिवस बघत बसले. बकरा देखणा आहे रे, फार देखणा. पण काठावरच्या त्या लेखात दोन शब्दांमध्ये जी तिरकी खूण लागते, ती एका जागी गायब आहे. आणि आमच्याकडे याच लेखाचा जुना छापील तक्ता आहे, त्यात नेमकी तिथेच ओळ मोडते. म्हणजे ज्यानं कोरलं त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं पुस्तकात बघून उतरवलं. संचालकांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, त्या काळीही एखाद्या कारागिराला डुलकी लागली असेल.

घरात सगळ्यांना आशीर्वाद. माझ्यावरची माया चालू ठेव, उपदेश थोडा आवर.

ताई

*

११ फेब्रुवारी १९९१

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तुझ्या निवृत्तीला आठ महिने उरलेत. तुझी शिक्क्यांची सूची छापायचं याच संचालकांनी कबूल केलंय ना? मातीच्या चकत्यांवरचे ते नखाएवढे शिक्के भिंगाखाली धरून तू चारशे बारा चित्रं काढलीस. लोक अंगठी घालतात त्या वयात हिनं डोळ्याला भिंग घातलं, असं आई म्हणायची. अण्णांनी तर तू उत्खननाला निघालीस तेव्हा विचारलं होतं, की मेलेल्या राजांच्या दरबारात तुला जेवायला कोण वाढणार? तू म्हणालीस, माझं मी वाढून घेईन. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, दाराआड उभा राहून टाळी वाजवली आणि अण्णांचा मार खाल्ला.

पण आता तुझं वय सत्तावन्न आहे, सत्तावीस नाही. एक सही, ताई. ‘असल्याचं’ नको वाटत असेल तर ‘असावा’ लिही. ‘असावा’नं आजवर कुणाचं वाकडं झालंय? मी रोज पेशंटना सांगतो, दुखू नये. कुणी माझ्यावर खटला भरला नाही.

ही म्हणते, मोठ्यांना शिकवू नकोस. तिचं ऐकायचा माझा स्वभाव नाही. रागावलीस तरी मला धाकटाच समज, इतकीच विनंती.

तुझा
दंतोपंत

*

१८ फेब्रुवारी १९९१

चि. दंतोपंतास अ. उ. आ.

रागावलेच आहे. उभ्यानं लिहितेय, त्यावरून ओळख.

त्या चारशे बारा शिक्क्यांत काय आहे, हे तुला मी कधी धड सांगितलं नाही. राजे नाहीत त्यात. कोठारातून कामकऱ्यांना धान्य जायचं, आणि ज्यानं ते मापून दिलं तो ओल्या मातीवर आपला शिक्का दाबायचा. बस. कुणाच्या शिक्क्यावर सिंह, कुणाच्या नुसतं एक झाड. एक शिक्का बाईचा आहे. तिच्या हाताखाली कितीतरी माणसं होती. शिक्का म्हणजे, हे मी पाहिलं, हे माझ्यासमोर झालं. तिथे ‘असावा’ नाही. धान्य ‘दिलं असावं’ म्हणून मजुराचं पोट भरत नाही. मी आयुष्यभर अशा माणसांचे शिक्के वाचले आणि शेवटी माझा स्वतःचा खोटा उमटवू?

संचालकांनी काल मोकळेपणानं सांगितलं, की सही नाही तर सूचीही नाही. अगदी सौम्य आवाजात. मी त्यांना तितक्याच सौम्य आवाजात म्हटलं की मग सूचीही नको. घरी आले आणि रडले, हे तुलाच सांगते. वहिनीला सांगितलंस तरी चालेल.

आता काम ऐक. लेखातली चूक म्हणजे केवळ मत, असं ते म्हणतात. मला मत नको, पुरावा हवाय. बकऱ्याचे कान आणि नाकपुड्या आतून पोखरल्यात. तिथे हत्यार कसं फिरलं ते कळायला हवं, आणि भिंग आत जात नाही. तू कवळीसाठी तोंडाचं माप घेताना ती रबरासारखी घट्ट होणारी लगदी वापरतोस, ती पाठव. चांदीला तिच्यानं काही होत नाही. भांडाराची किल्ली अजून माझ्याकडे आहे.

पाठवलीस तर माया आहे असं धरेन. नाही पाठवलीस तरी आहेच, पण बोलणार नाही.

ताई

*

१४ मार्च १९९१

ती. ताईस सा. न. वि. वि.

लगदी पाठवताना मी सोबत चिठ्ठी घातली नव्हती, कारण मी घुश्शात होतो. तू कानातून आणि नाकपुड्यांतून काढलेले चारही ठसे मिळाले. ते दोन दिवस खणात तसेच पडले होते. परवा एक पेशंट आला नाही, म्हणून एक ठसा दिव्याखाली धरला.

ताई, मी खुर्चीत बसलो. माझ्या नव्हे, पेशंटच्या.

हा चर मी ओळखतो. गेली बावीस वर्षं रोज पाडतोय. विजेवर फिरणाऱ्या ड्रिलचं गोल टोक कडक जागी टेकवलं की ते थरथरतं आणि तळाशी एकसारख्या बारीक पायऱ्या उठतात. हातानं छिन्नी मारणाऱ्या माणसाला तशा पायऱ्या जन्मात जमणार नाहीत. तो दमतो, थांबतो, हत्याराची धार लावतो. तुझ्या बकऱ्याच्या कानात कुणी दमलेलं नाही.

तरी मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. घरातला चांदीचा चमचा घेतला, त्याच मापाच्या टोकानं खड्डा पाडला आणि त्याचा ठसा घेतला. दोन्ही शेजारी ठेवले आणि थोड्या वेळानं मलाच कळेना कुठला कुणाचा. हिलाही दाखवले, तिला कळेना. मग तिला कळलं की चमचा तिच्या माहेरचा होता. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

दोन्ही ठसे, चमचा आणि माझं सही केलेलं निवेदन सोबत आहे. दवाखान्याच्या कागदावर, नोंदणी क्रमांकासह. त्यात मी ‘असावा’ कुठेही लिहिलेलं नाही. मागच्या पत्रातलं शहाणपण परत घेतो. भिऊन लिहिलं होतं.

तू पुढे हो. पाठीवर माझा हात आहे असं समज आणि तो झटकू नकोस.

तुझा
दंतोपंत

*

२९ मार्च १९९१

चि. दंतोपंतास अ. उ. आ.

काल विश्वस्तांची बैठक झाली. सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर तू मागाहून प्रश्न विचारून जीव खाशील.

लांब टेबल, सात विश्वस्त, टोकाला देणगीदार, मधोमध बकरा. संचालकांनी आधीच सांगून टाकलं की आमच्या बाईंनी इराणच्या कलेवर एका दातांच्या डॉक्टरांचं मत आणलंय. सगळे हसले. मीही हसले, कारण मला ठाऊक होतं आता काय होणार. मी तुझे दोन ठसे पांढऱ्या कागदावर ठेवले, माझं भिंग शेजारी ठेवलं आणि म्हटलं, यातला एक तुमच्या अडीच हजार वर्षांच्या चषकाचा आहे आणि एक माझ्या भावजयीच्या चमच्याचा. कुठला कुठला, ते प्रत्येकानं कागदावर लिहून द्यावं.

हसणं थांबलं. पहिल्यानं बघितलं आणि भिंग पुढे सरकवलं. दुसऱ्यानंही. कुणी पेन उचललं नाही. सगळ्यांत वयस्कर विश्वस्त निवृत्त न्यायाधीश आहेत, बाई आहेत. त्यांनी तीनदा बघितलं, चष्मा काढून एकदा, घालून दोनदा. मग त्यांनी देणगीदाराकडे वळून चषक कुठून आणला ते विचारलं. तो म्हणाला, एका मित्राकडून. त्यांनी मित्राचं नाव विचारलं. त्याला एकाएकी कुठेतरी पोचायचं होतं.

चषक परत गेला. दालनही गेलं त्याच्याबरोबर. न्यायाधीशबाई जाताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या की हे आता तुम्हाला महागात पडेल. मी म्हटलं, कल्पना आहे.

आणि पडलं. आज सकाळी किल्ल्या काढून घेतल्या. सूची ‘तूर्त’ रद्द. माझं टेबल खोलीतून काढून जिन्याखालच्या बोळात ठेवलंय, पाणी प्यायच्या नळाशेजारी. तब्येतीच्या कारणानं रजेवर जा, असंही सुचवलं. माझी तब्येत फार वर्षांनी इतकी चांगली आहे.

वहिनीला माझा नमस्कार सांग, नुसता आशीर्वाद पुरणार नाही. चमचा मी ठेवून घेतलाय. माझ्यावर जीव लावतोस तसाच तिच्यावरही लाव, म्हणजे ती तुला घरात ठेवेल.

ताई

*

६ एप्रिल १९९१

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. न्यायाधीशबाईंच्या चष्म्यापाशी हिनं मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. बोळापाशी आलो तेव्हा ही उठली आणि मागच्या खोलीची किल्ली घेऊन आली.

राजीनामा त्यांच्या तोंडावर फेक आणि इकडे ये. दवाखान्यामागची खोली रिकामी करतोय, उत्तरेकडून उजेड येतो, तुला लागतो तसा. ज्यांनी नळाशेजारी बसवलं त्यांचं तोंड तू एक दिवसही का बघावंस? चमच्याबद्दल ही काही म्हणत नाही. उलट पाहुण्यांना सांगत सुटलीय.

ये, इतकंच मागणं. माया इथे आहे, ती घ्यायला तरी ये.

तुझा
दंतोपंत

*

२० एप्रिल १९९१

चि. दंतोपंतास अ. उ. आ.

खोली रिकामी कर, ऑक्टोबरात येते. त्याआधी नाही.

राजीनामा दिला तर लोक म्हणतील, बाईंचं चुकलं होतं म्हणून गेल्या. मी नोकरीच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या मिनिटाला, हजेरीवर सही करून जाणार. काढायचंच असेल तर त्यांनी कारण लिहून काढावं, आणि ते कारण त्यांना लिहिता येत नाही.

बोळाचं म्हणशील तर तिथे एक गोष्ट आहे जी माझ्या खोलीत पस्तीस वर्षांत नव्हती: माणसं. या इमारतीत येणारा प्रत्येक जण पाणी प्यायला तिथे येतो. चित्रांच्या मूळ प्रती कपाटात कोंडल्यात, पण कच्च्या प्रती माझ्या पेटीत आहेत. आठवड्यापूर्वी मी नळाच्या वरच्या भिंतीवर पहिली तीन लावली. खाली दोन ओळी साध्या भाषेत: हा कोण, यानं किती धान्य दिलं, कुणाला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. काल एक शिंपी पेला हातात धरून त्या बाईच्या शिक्क्यापुढे बराच वेळ उभा होता. मग त्यानं विचारलं की हिच्या हाताखालच्यांना धान्य वेळेवर मिळायचं का. पस्तीस वर्षांत एकाही विद्वानानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी त्याला बसायला खुर्ची दिली.

संचालक दुपारी आले. भिंत संग्रहालयाची आहे, कागद उतरवा, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही उतरवा. मागे पाण्यासाठी नऊ माणसं उभी होती, सगळी वाचत होती. संचालकांनी पेला भरला, प्यायले आणि गेले.

निवृत्तीपर्यंत कामाचे एकशे चाळीस दिवस आहेत. रोज तीन लावली की चारशे बारा बसतात. भिंत कमी पडली तर जिना आहे.

माझ्यावर माया करत राहा. मी सध्या भांडणात आहे, त्यामुळे ती जरा जास्त लागेल.

ताई