दादरच्या पिठाचा रंग

माय,

तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि तुला जाऊन चाळीस वर्षं झाली. तरी पत्र सांगते आहे. नात लिहिते. तिचं अक्षर फार सुंदर आहे, असं तीच म्हणते.

स्वयंपाकघर रंगवायचं आहे. पेंटरने भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले. एक मोती, एक मलई. मुलाला मोती हवा, सुनेला मलई, आणि चार दिवस दोघं एकमेकांशी बोलतात ते फक्त मिठापुरतं. शेवटी सून म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीच सांगा. तुमनी नजर पक्की शे." सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे.

नजरेचा हा लौकिक तुझ्यामुळे. लहानपणी म्हसावदला एकदा मी गावरान दादर ज्वारीच्या पिठाच्या डब्यात हायब्रीड ज्वारीचं पीठ ओतलं. तू मूठभर पीठ घेऊन दाराच्या उजेडात जातेस आणि तिथूनच ओरडतेस, "तुन्हा डोया फुटनात का? दादर दूधनागत दिसस, हाई चुनानागत शे!" मग आठ दिवस रोज दोन मुठी माझ्यापुढे धरून विचारायचीस, दादर कोणती? मी एकदाही चुकले नाही.

तेच आठवलं. म्हटलं, "दादरच्या पिठासारखा असेल तो लावा." पेंटर लोणखेड्याचा, दादर खाऊनच वाढलेला. त्याने लगेच बोट ठेवलं. "मलई! बरोबर शे, आजी." सून खुश. माझ्या घारीच्या नजरेपुढे मुलगा काय बोलणार?

माय, मला दोन्ही पट्टे एकच दिसले. मुलगा भिंतीवर जो मोती लावायला निघाला होता, तो माझ्या दोन्ही डोळ्यांत उतरलाय. सांगितलं तर ऑपरेशन करतील, करू देत. पण मला गॅसपाशी फिरकू देणार नाहीत. आणि भाकरी तर मी हातानेच ओळखते.

नातीने पेन थांबवलं. माझ्यापुढे बोटं धरून विचारते, "आजी, कितल्या?"

"तीन."

"दोन शेत, आजी." तिने बोटं मिटली. मग म्हणाली, "दवाखानामा मी येसू तुन्हासंगे. घर उनी की भाकर तूच थापजो."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. नातीला म्हटलं, पिठाच्या डब्याखाली ठेव. तिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

आणि एक राहिलं. त्या आठ दिवसांत मी पिठाकडे बघतच नव्हते, माय. माझं बोट दादरच्या मुठीकडे वळलं की तुझ्या गालाला खळी पडायची.