न्यूट्रलचा खटका

दादा,

तुझा फोन इथेच चार्जिंगला राहिलाय, म्हणून लिहून ठेवतेय. धुवायला घेतलेल्या तुझ्या शर्टाच्या खिशात बोटीच्या कंट्रोल बॉक्समधला न्यूट्रलचा खटका सापडला, पार गंजलेला. म्हणजे तो काढून तू वायरी थेट जोडल्यास आणि कुणाला बोलला नाहीस. आता लिव्हर गिअरमध्ये असली तरी इंजिन चालू होईल.

बाबा तुझी वाट न बघता बोट घेऊन गेलेत. त्यांची सवय तुला ठाऊक आहे. बोट कुणी पळवू नये म्हणून ते इंजिन बंद करताना लिव्हर मुद्दाम गिअरमध्ये ठेवतात आणि नंतर स्वतःच विसरतात. चावी फिरवून इंजिन उठलं नाही की "मलाच चकवलं बघ" म्हणून हसतात. आज ते उठेल, आणि बोट एकदम झेपावेल. धक्क्यावरून नीट निघाले, कारण काल बोट तू लावली होतीस. पण जाळं टाकायला थांबले की ते इंजिन बंद करणारच.

तुझी चिमी त्यांच्यासोबत आहे. ती पुढच्या काठावर पाय सोडून बसते.

बाबा फोन उचलत नाहीत. मी शेजारच्या काकांच्या बोटीने त्यांच्या मागे जातेय. तू आणायला गेलायस तो नवा कंट्रोल बॉक्स आपल्याच इंजिनाचा असेल तरच धक्क्यावर आण. दुसरा लावला तर लिव्हर पुढे ढकलल्यावर बोट मागे जाईल. वहिनीला तूच सांग, मला जमलं नाही.

चिमीचं लाइफ जॅकेट दारामागे खुंटीलाच होतं. मी घेतलंय.